उरलेला कोळसा फेकू नये

चांगला कोळसा वाजतो. दोन तुकडे एकमेकांवर हलके आपटले की काचेच्या बांगड्यांसारखी किणकिण ऐकू येते. भट्टीत पुरता न जळलेला कच्चा तुकडा थप्प करतो आणि दमट कोळसा काहीच बोलत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लेख मागायला संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी गोदामातच होतो. मी त्यांना फोनवरच दोन तुकडे वाजवून दाखवले. त्या म्हणाल्या, "साळवीकाका, बिल्कुल हेच लिहा." म्हणून लिहायला बसलो आहे. पण लिहायचं ठरवल्यावर डोक्यात आली ती माझी हुशारी नव्हे, माझी एक चूक. ती शेवटी सांगतो. त्याआधी धंदा समजून घ्या, नाहीतर चूकही समजणार नाही.

मी बी.एस्सी. झालो आणि फरीदाबादच्या एका कारखान्यात भट्टीच्या विटा भाजण्यात उमेदीची वर्षं घालवली. तो कारखाना बंद पडला तेव्हा मी चोपन्न वर्षांचा होतो. जवळच भाटियाजींचं वर्कशॉप होतं. त्यांनी तेव्हा सिरॅमिकचे बार्बेक्यू स्मोकर बनवायला घेतले होते. भांडी कशी भाजायची हे सांगायला मी गेलो आणि त्यात कोणता कोळसा घालायचा हे सांगत तिथेच राहिलो. माझ्या कार्डावर भाटियाजींनी 'फ्यूएल कन्सल्टंट' छापलं. माझे वडील दिल्लीत केंद्र सरकारच्या फायली सांभाळून रिटायर झाले. मुलगा अखेर कोळसेवाला झाला हे बघायला ते राहिले नाहीत. एका परीने बरंच झालं.

हा स्मोकर म्हणजे जाड मातीचं, झाकणाचं, माठाच्या आकाराचं भांडं. आमच्याकडे सगळे त्याला मटकाच म्हणतात. खाली एक छोटी खिडकी, वर झाकणावर फिरणारी चकती आणि आच दाखवणारा काटा. खालून हवा आत येते, वरून धूर बाहेर जातो. खिडकी किती उघडी ठेवायची आणि चकती किती फिरवायची, एवढ्यावर सगळा स्वयंपाक. मटणाची रान, म्हणजे अख्खी तंगडी, आत पाच-सहा तास सुखाने शिजत राहते, कुणी वारा घालत बसायची गरज नाही.

मात्र उघड्या शेगडीत खपून जातो तो कोळसा इथे खपत नाही. झाकण बंद, त्यामुळे कोळशातली प्रत्येक खोड अन्नात उतरते. कोळशाचा भुगा दाबून केलेल्या विटकऱ्या स्वस्त आणि दिसायला सुबक, पण त्यांची राख इतकी पडते की तासाभरात खिडकीचा गळा आवळला जातो. म्हणून लाकडाचा, ओबडधोबड ढेपांचा कोळसा हवा. बाभळीचा उत्तम. कडुनिंबाचा नको, निलगिरीचा तर मुळीच नको, खोकल्याच्या औषधात मटण शिजवल्यासारखं लागतं. मोठ्या ढेपा खाली, लहान वर. पेटवायला रॉकेल किंवा बाटलीतलं तेल कधीही वापरायचं नाही, कारण भांड्याची माती वास पिते, आणि प्यायलेला वास सहजासहजी सोडत नाही.

हे सगळं मी गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगतो आणि त्यातलं निम्मंच ते ऐकतात. वसंत कुंजच्या एका बाईंनी आमचा कोळसा घरी नेऊन साबणाच्या पाण्याने धुतला. फोनवर म्हणाल्या, "भाईसाहब, बहुत गंदा था. तीन पानी में साफ हुआ." तो त्यांनी गच्चीत दोन दिवस वाळत घातला आणि मग पेटवला. तो फटाक्यांसारखा उडायला लागला तेव्हा पुन्हा फोन केला. मी त्यांना नवी पिशवी पाठवली आणि वर चिठ्ठी लावली, "कृपया नहलाइए मत."

दुसरे एक गृहस्थ गुडगावहून आले. सतराव्या मजल्यावर घर, बाल्कनी चहूबाजूंनी काचेने बंद केलेली. हिवाळ्यात मित्रांना तिथेच बसवून बार्बेक्यू करायचा त्यांचा बेत होता. मी विचारलं, काच सरकते का? म्हणाले, नाही, एसीसाठी पक्की करून घेतली आहे. मी सरळ नाही म्हटलं. धुमसत्या कोळशाच्या विषारी वायूला ना रंग ना वास, आणि दर थंडीत इकडच्या पेपरात बंद खोलीत अंगीठीने, म्हणजे शेगडीने, गुदमरल्याची बातमी असतेच. भाटियाजी काउंटरमागून ऐकत होते. ते गृहस्थ गेल्यावर माझ्यावर उखडले, "साळवीजी, आप कस्टमर को भगाते हो!" मी म्हटलं, भगाया नहीं, बचाया. दोन दिवस त्यांनी मला चहा विचारला नाही. त्या गोष्टीचा मला अजूनही अभिमान आहे. पुढे जे लिहिणार आहे त्याचा नाही.

एक नियम मात्र सगळ्या गिऱ्हाइकांना आवडतो. स्वयंपाक झाला की खिडकी आणि चकती दोन्ही बंद करायची. हवा तुटली की विस्तव आपोआप विझतो आणि बराचसा कोळसा शाबूत उरतो. तो फेकायचा नाही. पुढच्या वेळी राख झटकायची, नवा कोळसा घालायचा आणि त्यावर हा जुना ठेवायचा. तो लवकर धरतो आणि सौम्य जळतो. मराठी गिऱ्हाइकांना मी सांगतो, विरजणासारखं समजा. आजच्यातलं थोडं उद्यासाठी.

हे वाक्य सगळ्यात मनावर घेतलं ते शिरसाठसाहेबांनी. मूळचे अहमदनगरकडचे, ख्रिस्ती, दिल्लीतल्या एका मंत्रालयातून रिटायर होऊन फरीदाबादेत स्थायिक झालेले. आमची ओळख कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये झाली. पातळ पिठल्याबद्दल ते मॅनेजरला समजावत होते आणि मी बाजूच्या टेबलावरून त्यांना दुजोरा दिला. निवृत्तीनंतर त्यांनी आमचा मटका घेतला. दर रविवारी चर्चहून आले की नगरचा काळा मसाला चोळलेलं मटण त्यात ठेवायचे. सात वर्षांत त्यांचा कोळसा एकदाही पूर्ण संपला नाही, नेहमी मागचा थोडा पुढच्यात गेला. मी पिशवी घेऊन गेलो की झाकण उघडून म्हणायचे, "साळवी, नाक घाला आत." रिकाम्या मटक्याला दगडफुलाचा, भाजलेल्या खोबऱ्याचा आणि धुराचा असा घट्ट वास यायचा. ताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, ऑडिटमधून रिटायर झालेल्या, दारातून म्हणायच्या, "दोघांची पूजा आटोपली असेल तर चहा घ्या."

मग एका ऑगस्टमध्ये ते गेले. आदल्या रविवारी त्यांनी मटण केलं होतं.

आता माझ्याविषयी. त्याच्या दीड वर्ष आधी मला ताप येऊन गेला होता. ताप उतरला, भूक परत आली, वास परत आला नाही. माझी पत्नी सुमन भाजी आणायला गेली होती आणि मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो. दूध करपून काळं झालं तरी मला पत्ता नाही. ती दारातूनच नाक धरून आत आली. गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. "अहो, तुम्हाला खरंच येत नाही?" डॉक्टर झाले, औषधं झाली. थांबा म्हणाले, येईल. मी थांबलो.

पण कामावर सांगितलं नाही. कोळशाच्या प्रत्येक लॉटच्या मी चार परीक्षा घेतो. वाजवून बघतो, हातात तोलून बघतो, फोडून आतली चमक बघतो, आणि शेवटी चार तुकडे शेगडीत पेटवून पहिल्या धुराचा वास घेतो. चौथी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, कारण लाकूड कानांना आणि डोळ्यांना फसवू शकतं, धूर नाही फसवत. पहिल्या तीन परीक्षा कुणीही शिकेल. चौथीसाठी भाटियाजींनी मला ठेवलं होतं. साठी उलटलेल्या, नाक गेलेल्या माणसाला कोण ठेवणार, असं माझ्या मनाने घेतलं. सुमन दर आठवड्याला म्हणायची, "सांगून टाका हो." मी म्हणायचो, येईलच आता. शेगडीवर वाकायचो, नाक ओढायचो, मान हलवायचो. नाटक छान जमलं होतं.

आम्हाला कोळसा देणारा जुना भट्टीवाला विश्वासाचा होता, म्हणून पावणेदोन वर्षं निभावलं. त्या नोव्हेंबरात तो आजारी पडला आणि नव्या माणसाकडून लॉट आला. कोळसा सुरेख वाजत होता. वजनदार, फोडला तर आत आरशासारखा चमकणारा. काही तुकडे गोल, एकसारख्या जाडीचे होते, आणि दोन-तीन तुकड्यांत बोट जाईल एवढी भोकं. मी म्हटलं, भुंग्याने पोखरलेली फांदी असेल. शेगडीवर वाकलो. भाटियाजी शेजारीच उभे होते.

"सूंघ लिया?"

"सूंघ लिया. ठीक है."

तेवीस डिसेंबरला सकाळी ताईंचा फोन आला. आवाज ऑफिसातला होता. "साळवी, तुम्ही पाठवलेल्या कोळशावर काल मी ट्रायल म्हणून चिकन केलं. या आणि बघा." मी कसली ट्रायल विचारलं, तेव्हा आवाज जरा खाली आला. ख्रिसमसला मुलगी बंगळुरूहून येणार होती. वडील गेल्यानंतरचा पहिला ख्रिसमस. तिने आईकडे एकच मागितलं होतं, पप्पांसारखं मटण, पप्पांच्या मटक्यातलं. ताईंनी आजवर त्या मटक्याला हात लावलेला नव्हता, म्हणून आधी चिकनवर हात बसवून बघितला.

मी पोचलो तेव्हा अंगणात धुक्यातून जेमतेम ऊन पडलं होतं. ताई शाल घेऊन मटक्याशेजारी उभ्या होत्या. त्यांनी झाकण उघडलं.

"वास घ्या."

मी वाकलो. नाक ओढलं.

"येतोय ना?"

"हो, येतोय," मी म्हटलं. सवयीने तोंडातून निघून गेलं.

"अच्छा. कशाचा येतोय?"

त्यांनी उभी नोकरी लोकांनी दिलेली उत्तरं तपासण्यात घालवली होती. मी मटक्याच्या काळ्या तळाकडे बघत राहिलो. काहीतरी ठोकून देता आलं असतं, ओल, चरबी, काहीही. पण शिरसाठसाहेबांच्या मटक्यात तोंड घालून खोटं बोलायची माझी तयारी होईना.

"ताई, मला वास येत नाही," मी म्हटलं. "कशाचाच येत नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होत आली."

त्यांनी झाकण लावलं. "म्हणजे यांना तुम्ही शेवटी शेवटी आणून दिलात तो कोळसाही असाच? न हुंगता?"

"तो जुन्या भट्टीवाल्याचा होता, ताई. त्यात खोट नव्हती."

"तुम्हाला काय माहीत?"

मी पिशवीतला उरलेला कोळसा फरशीवर ओतला आणि एकेक तुकडा उन्हात धरून बघू लागलो. एका भोकात बारीक काडी घातली. ती सरळ आत गेली आणि सपाट तळाला टेकली. भुंगा असं सरळ, तळ सपाट ठेवून कोरत नाही. ते सुताराच्या गिरमिटाचं भोक होतं. तो तुकडा म्हणजे शिसवी खुर्चीचा पाय होता. दुसऱ्या अर्धकच्च्या तुकड्यावर पॉलिशचा चकचकीत पापुद्रा अजून शिल्लक होता. कुणीतरी जुनं फर्निचर भट्टीत घातलं होतं. शिसवाचं लाकूड इतकं टणक की त्याचा कोळसा बाभळीपेक्षाही गोड वाजतो. कानाने मला फसवलं, डोळ्यांनी समोर पुरावा ठेवला तो मी वाचला नाही, आणि जे फसलं नसतं ते नाक माझ्याकडे नव्हतं.

"वॉर्निशचा येतोय," मीच म्हटलं.

"हो," ताई म्हणाल्या. "नव्या कपाटाचं दार उघडल्यासारखा."

उपाय मला ठाऊक होता आणि सांगायचं धैर्य होत नव्हतं. चांगला कोळसा भरून, आच हळूहळू चढवत, रिकामा मटका दोन तास कडक तापवायचा. आतली सगळी काजळी जळून जाते आणि माती पांढुरकी, नव्यासारखी होते. वॉर्निश जातं. पण त्याच्याबरोबर सात वर्षांचे रविवारही जातात. मातीला कोणता वास ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे आपल्याला सांगता येत नाही. मी हे तसंच सांगितलं.

"आणि तापवला नाही तर?"

"तर परवाच्या मटणालाही कपाटाचा वास येईल. पुढेही बरेच दिवस येत राहील."

ताई घरात गेल्या. मी अंगणात उकिडवा बसून राहिलो. माझी नोकरी, माझं नाक, माझी लाज, सगळं तेव्हा फार छोटं वाटलं. एका बाईकडे नवऱ्याचा एवढाच वास उरला होता आणि त्यावर मी खुर्च्यांचं पॉलिश ओतलं होतं.

त्या परत आल्या तेव्हा हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यांनी झाकण काढून डबा माझ्यापुढे धरला. आत कोळसा होता, अर्धवट जळून विझलेले, राखेने करडे पडलेले दहा-बारा तुकडे.

"ऑगस्टमधला," त्या म्हणाल्या. "काल तुमची पिशवी ओतण्याआधी काढून ठेवला. जाळवेना, फेकवेना. फेकायचा नाही असं तुम्हीच यांना शिकवलं होतं ना?"

मी एक तुकडा उचलून नाकाशी नेला. सवय जात नाही. मग दोन तुकडे एकमेकांवर वाजवले. अजून खणखणीत होते.

"जाळा मटका," त्या म्हणाल्या. "बिल्कुल पांढरा करा. आणि परवा हे घालून पेटवा."

मला आता खोटा दिलासा द्यायचा नव्हता. म्हटलं, "ताई, शास्त्र म्हणून सांगतो, एवढ्या तुकड्यांनी तो वास परत येईल असं काही—"

"साळवी, तुम्हाला वास येत नाही. तुम्ही मला वासातलं काही सांगू नका."

त्यांच्या अंगणातूनच मी भाटियाजींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते ओरडतील अशी तयारी ठेवली होती. ते एवढंच म्हणाले, "साळवीजी, मैंने पूछा था आपसे." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी त्यांनी स्वतः एकेका गिऱ्हाइकाला फोन करून त्या लॉटच्या सगळ्या पिशव्या परत बोलावल्या. मला काढलं नाही. चौथी परीक्षा तेव्हापासून ते स्वतः घेतात. मी शेगडी पेटवतो आणि बाजूला सरकतो. सुमनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं," आणि ताटात एक पोळी जास्त वाढली.

मटका मी त्याच दुपारी तापवला. जुन्या भट्टीवाल्याच्या मालातली एक पिशवी गोदामात बाकी होती, ती भाटियाजींनी ताबडतोब पाठवून दिली. या वेळी पेटवण्याआधी तिचा वास ताईंनी घेतला. काटा टोकाला नेऊन ठेवला. काजळी आधी लालसर झाली, मग करडी, मग सुटली. दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर आत हात फिरवला तर माती खरोखर कोरी झालेली. शिरसाठसाहेबांनी मला हाकलून दिलं असतं असं वाटून गेलं. मग वाटलं, नसतं हाकललं. आधी चहा पाजला असता आणि मग हाकललं असतं.

ख्रिसमसला सकाळी त्या दोघी चर्चला जाण्याआधी मी पोचलो. मोठ्या ढेपा खाली, लहान वर, आणि सगळ्यांत वर डब्यातले दहा-बारा तुकडे. ते लगेच धरले. मटण काळ्या मसाल्यात रात्रभर मुरलेलं होतं. मसाला साहेबांच्या हातचाच, बरणीच्या तळाशी राहिलेला. मी झाकण ठेवलं, खिडकी बोटभर उघडी ठेवली आणि तिथेच खुर्ची टाकून बसलो. त्या दिवशी मला दुसरं कुठे जावंसं वाटलं नसतं.

दुपारी मुलगी झाकण उघडायला धावली. मी म्हटलं, "बेटा, हळू. आधी बोटभर उचल, भडका जाऊ दे." तिने बोटभर उचललं, थांबली, मग पूर्ण उघडलं. धूर वर आला. मला फक्त गरम हवा चेहऱ्याला लागली. माझ्याकडे त्या क्षणी एकच काटा होता, ताईंचा चेहरा, आणि तो मी बघत होतो.

त्या वाकल्या आणि डोळे मिटून तशाच राहिल्या. मुलीने विचारलं, "आई, आहे का गं?"

"आहे," त्या म्हणाल्या. "थोडा आहे."

मुलगी रडायला लागली. ताई रडल्या नाहीत. त्यांनी मटण परातीत काढलं आणि मला म्हणाल्या, "साळवी, बघत काय बसलात? कोळसा जळून जाईल सगळा. खिडकी बंद करा."

मी वाकून खालची खिडकी लावली. वरची चकती त्यांनी स्वतःच्या हाताने फिरवली.